जाहिरातीतला पग, दवाखान्यातला पग

सकाळी ८. मे महिन्यात पगची शस्त्रक्रिया मी सकाळच्या गारव्यातच घेते. आजचा पेशंट तीन वर्षांचा आहे. नाकपुड्या इतक्या अरुंद, की श्वास ओढताना त्या आतच मिटतात. त्या थोड्या रुंद करायच्या आहेत. अशा आखूड तोंडाच्या कुत्र्याला भूल देणं जोखमीचं असतं. नळी काढल्यावर तो मान उचलून बघेपर्यंत मी टेबलापासून हलत नाही.

१०.३०. ओपीडी. एक आजोबा चेहऱ्याच्या वळ्यांत चिघळलेला पग घेऊन आलेत. "नातवाला हचचा कुत्राच हवा होता." त्यांना विचारलं, सिम कुठल्या कंपनीचं? "मुलानं स्वस्त प्लॅन बघून नंबर पोर्ट केला, कधीचाच."

या उत्तराचा मी खूप विचार करते. २००३ मध्ये ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेने हच या मोबाइल कंपनीसाठी ती जाहिरात केली. मुलगा जाईल तिथे पग त्याच्या मागे. नेटवर्कही असंच पाठीशी राहील, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. प्राणी नुसता गोड नव्हता, त्याचं वागणं हेच कंपनीचं वचन होतं. म्हणून ती जाहिरात मला आजही अव्वल वाटते. २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं, तेव्हाही लोकांना बदल कळवायला पगच पुढे आला. मात्र जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. पगवरचं प्रेम तसंच राहिलं, सिम बदललं. अमेरिकेत टाको बेल या खाद्यसाखळीच्या जाहिरातीतल्या चिवावाचं असंच झालं होतं: कुत्रा घराघरांत लाडका, तरी विक्री घसरली आणि २००० मध्ये त्याच्या जाहिराती थांबल्या.

माझ्या मते पग कंपनीचं नाव घरात पोचवतो, ग्राहकाला धरून ठेवणं त्याच्या हातात नसतं. त्या जाहिरातीने खात्रीने खपवला तो पग.

दुपारी १.४५. धावतच आत आणलेली पगची मादी. गाडीत एसी बंद पडला होता. ताप १०६, जीभ जांभळट. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि हिला नेमकं तेच जमत नाही. ऑक्सिजन, ओले टॉवेल, पंखा, सलाइन. तीनपर्यंत ताप १०३ वर आला. रात्रभर इथेच ठेवणार.

सायंकाळी ७. पिल्लू घ्यायचं ठरवून आलेलं कुटुंब, मोबाइलमध्ये पगचे फोटो. २०१८ मध्ये पेटा इंडिया या प्राणिहक्क संस्थेने व्होडाफोनला जाहिरातीत पग वापरू नका, असं कळवलं होतं. त्यामागचं कारण मी यांना सकाळच्या पेशंटजवळ नेऊनच सांगते. मुलीने कान जवळ नेला. "हा झोपेतही घोरतो?" हो, आणि जागेपणीही. वडिलांनी गावठी पिल्लं कुठे मिळतात ते विचारलं. मी दोन संस्थांचे पत्ते लिहून दिले.