बर्फ नसलेल्या गावात आइस स्केटिंगची सुरुवात कशी करायची?

चंद्रपूर जिल्ह्यातलं मोहर्ली म्हणजे ताडोबाचं प्रवेशद्वार. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. अशा गावात आइस स्केटिंग शिकता येईल? सुरुवात तरी नक्की करता येते.

बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, म्हणून पाय घसरतो. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात. आतली कड बर्फात रुतवून पाय तिरका मागे ढकलला की शरीर पुढे जातं. हीच हालचाल इनलाइन स्केट्स घालून सपाट सिमेंटवरही शिकता येते. थांबणं मात्र वेगळं: बर्फावर पातं आडवं घासून थांबतात.

पहिला धडा पडण्याचा. गुडघे वाकवा, नजर समोर ठेवा. तोल गेला तर कुशीवर पडा. हात टेकवल्यास मनगट मोडू शकतं. बर्फावर पडल्यावर दुसऱ्याचं पातं लागू नये म्हणून बोटं मुठीत घ्या. मग एक पाय रोवून उठा. हेल्मेट हवंच.

आणि खरा बर्फ? शिमल्यात १९२०पासून हिवाळ्यात उघड्यावर पाणी गोठवून रिंक तयार होतं. देहरादूनमध्ये २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं बंदिस्त रिंक आहे. तिथे पोहोचण्याआधी पडण्याची भीती गेली, तर अर्धं काम झालं.