ख्रिसमस ट्री आणताय? मग ते मे महिन्यातही हिरवं हवं!

हॉलिवूडच्या सिनेमात नाताळ जवळ आला, की हीरो कुऱ्हाड घेऊन निघतो, झाड तोडतो आणि गाडीच्या टपावर बांधून घरी आणतो. ते झाड असतं फर किंवा स्प्रूसचं, थंड प्रदेशातलं. दौलताबादच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणं अवघड. आपल्या नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं, ते बहुतेक वेळा अरोकेरिया. खरा फरक इथेच आहे, दोस्तांनो! तिकडचं झाड तोडलेलं. काही आठवडे सजवायचं आणि टाकायचं. आपलं झाड मुळांसकट जिवंत असतं. शोपीस समजून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं, तर ते हळूहळू वाळतं. रोप समजून सांभाळलं, तर पुढच्या नाताळलाही तेच सजवता येतं.

अरोकेरियाची सगळ्यात फेमस जात मूळची नॉरफोक बेटावरची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या या चिमुकल्या बेटाच्या झेंड्यावरही हेच झाड आहे. कॅप्टन कुक १७७४ मध्ये तिथे पोहोचला, तेव्हा ही सरळसोट खोडं पाहून त्याला जहाजाच्या डोलकाठ्या सुचल्या होत्या. तिथे हे झाड ५० मीटरहून उंच वाढतं. कुंडीत मात्र सावकाश वाढतं, त्यामुळे टेन्शन नको.

निवडताना काय बघाल?

सगळ्यात आधी शेंडा. तो शाबूत आणि सरळ हवा. मोडला तर झाडाचा आकारच बिघडतो. मग खालच्या फांद्या बघा. त्या एकदा वाळून गळल्या, की तिथे पुन्हा येत नाहीत. खोड हलकेच हलवा. रोप पिशवीत डुगडुगत असेल किंवा पानं झडत असतील, तर दुसरं घ्या. दाट दिसावं म्हणून एकाच पिशवीत दोन-तीन रोपं लावलेली नाहीत ना, हेही तपासा.

शहरातून टू-व्हीलरवर आणणार असाल, तर फांद्या अलगद वर गोळा करून जुन्या ओढणीत गुंडाळा. मिटमिटा, शरणापूरच्या रस्त्यावरचा वारा शेंड्याला झोडपून काढतो.

घरी आणल्यावर

लगेच कुंडी बदलू नका. पिशवीसकट रोप जड कुंडीत किंवा बादलीत ठेवा, बाजूने विटांचे तुकडे लावा. वरून रंगीत कापड गुंडाळलं, की झालं काम! जागा खिडकीजवळची, भरपूर उजेडाची. दर दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे कलतं. पाणी रोज नको. बोट मातीत घालून बघा. वरचा थर कोरडा लागला, तरच द्या. बादलीत साचलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतात.

फांद्या नाजूक असतात, म्हणून कागदाचे तारे, लोकरीचे गोंडे असं हलकंच काहीतरी लटकवा. लायटिंग एलईडीचंच, कारण ते फारसं तापत नाही. झोपताना बटण बंद. बर्फासाठी स्प्रे मारू नका. पानं झाकली जातात. लायटिंगवर कापूसही पसरू नका, तो पटकन पेट घेतो.

नाताळ संपल्यावर

६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, सजावट उतरवायची जुनी रीत आहे. त्याच दिवशी झाडाला घराबाहेर न्या, पण थेट उन्हात नको. आधी काही दिवस सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन. नंतर सवडीने मोठ्या कुंडीत लावा. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ग्रीन नेटची सावली हवीच.

एवढं जमलं, तर पुढच्या डिसेंबरमध्ये झाडाचा खर्च शून्य. वाचलेल्या पैशांत केक मोठा आणा!