घरची शाळा – लेखांक ६ : योसेफाची गोष्ट कोण कशी सांगतं

मागच्या आठवड्यात आपण राज्याराज्यांतले कायदे पाहिले. इतिहासापुरतं त्यातलं एवढंच लक्षात ठेवू : टेक्सासात घरी शिकवणाऱ्यांना वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढंच बंधन आहे, इतिहास त्या यादीत नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र प्राथमिक इयत्तांनाही देशाचा आणि राज्याचा इतिहास शिकवावाच लागतो आणि वर्षाखेरीला मुलाच्या कामाची फाइल दाखवावी लागते. पण कायदा काहीही म्हणो, ख्रिस्ती होमस्कूलमध्ये अमेरिकेचा इतिहास सहसा कुणी टाळत नाही. बायबलपाठोपाठ जिव्हाळ्याने शिकवला जाणारा विषय बऱ्याच घरांत हाच असतो.

त्याचं कारण सरळ आहे. ही गोष्ट ज्यांच्यापासून सुरू करतात ते पिल्ग्रिम आपल्या मनासारखी उपासना करता यावी म्हणून आधी हॉलंडला गेले आणि तिथून १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजाने अटलांटिक ओलांडून आले. शाळेची वाट सोडून घरात वर्ग भरवणाऱ्या ख्रिस्ती आईबापांना ही माणसं आपलीच वाटतात. रक्ताचं नातं नसेल, पण श्रद्धेचं मानलेलं आहे.

शिकवण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. फ्लॉरिडातल्या 'अबेका'ची किंवा साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाच्या प्रेसची पुस्तकं घेऊन धडा, प्रश्न, चाचणी अशी शाळाच घरी आणणारे आहेत. त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती पद्धत आपल्या ओळखीची आहे. मला जास्त रस आहे तो शार्लट मेसनच्या वाटेने जाणाऱ्यांमध्ये. मेसनबाई (१८४२–१९२३) इंग्लंडच्या. सूझन शेफर मकॉली यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळे अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांना त्या नव्याने सापडल्या. त्यांचं म्हणणं असं, की लहान मुलाच्या हाती सारांशाची पाठ्यपुस्तकं देऊच नयेत. विषयावर जीव असलेल्या लेखकाचं गोष्टीसारखं पुस्तक घ्यावं, त्यातला एक भाग एकदाच वाचून दाखवावा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगावा. मध्ये प्रश्न नाहीत, खाली रिकाम्या जागा नाहीत. भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर सन लिहायचा आणि चित्र काढायचं.

पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात एक गोम आहे. मूल पुस्तकात आहे तेवढंच परत सांगतं. त्यामुळे सगळा भार पुस्तकाच्या निवडीवर येतो, आणि पुस्तक निवडणारी आई एकटी असते.

स्क्वांटोचाच धडा घ्या. प्लिमथच्या किनाऱ्यावर उतरलेल्या एकशे दोन प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेले. उरलेल्यांना मका लावायला शिकवलं ते टिस्क्वांटम नावाच्या माणसाने. त्यालाच स्क्वांटो म्हणतात. या माणसाला इंग्रजी कसं येत होतं? १६१४ साली टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पकडलं आणि स्पेनमध्ये मालागा बंदरात नेऊन विकायला काढलं. तिथून तो इंग्लंडला पोचला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला. तेव्हा त्याचं पॅटक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलेलं होतं. त्याच ओस जागेवर पुढच्या वर्षी पिल्ग्रिमांनी वस्ती केली. सात वर्षांचं मूल हे परत सांगताना बहुधा म्हणेल : त्याला पळवून नेलं, तो परत आला, घरी कुणीच नव्हतं, मग त्याने मक्याच्या आळ्यात मासे पुरायला शिकवलं. सगळं आलं!

ख्रिस्ती बालपुस्तकं इथे एक पाऊल पुढे जातात. ती स्क्वांटोला योसेफाच्या जागी बसवतात. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आपल्याच भावांकडून विकला गेला आणि दुष्काळात त्याच भावांना जगवायला परक्या देशात आधीच जाऊन बसलेला होता. तसाच हाही, देवाने पिल्ग्रिमांसाठी आधीच तयार करून ठेवलेला. ही कल्पना काही आजच्या लेखकांच्या डोक्यातून निघालेली नाही. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानेही स्क्वांटोला देवाने धाडलेलं साधन मानलं होतं. ब्रॅडफर्ड असं मानत होता, हे मुलाला जरूर सांगावं. इतिहासच आहे तो.

पंचाईत होते ती पुढच्या प्रश्नाने. मग पॅटक्सेटमधली मुलं देवाने मारली का? प्रश्न मुलाचा आहे, पण मोठ्यांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विंथ्रप याने देवीच्या साथीत तिथले लोक मेल्यावर, देवाने या जमिनीवरचा आपला हक्क मोकळा केला, अशा अर्थाचं लिहिलं होतं. योसेफाची गोष्ट नीट वाचलेल्या घराला हे उत्तर पटायला नको. देवाने त्यातून भलं केलं असं योसेफ शेवटी म्हणतो खरा, पण भावांनी वाईट हेतूने केलं हेही त्याच दमात सांगतो. टॉमस हंटला तो मोकळा सोडत नाही.

माझा आक्षेप श्रद्धेवर नाही, अर्धवट वापरलेल्या श्रद्धेवर आहे. आदामापासून सगळ्यांनी पाप केलं, हे ज्या घरात मुलाला रोज शिकवतात, त्याच घरात राष्ट्राच्या संस्थापकांनी पाप केलं हे सांगताना जीभ अडखळावी, हे मला फार चमत्कारिक वाटतं. १९७७ साली पीटर मार्शल आणि डेव्हिड मॅन्युअल यांचं 'द लाइट अँड द ग्लोरी' आलं. अमेरिकेसाठी देवाची खास योजना होती, हा त्याचा गाभा. होमस्कूलवाल्यांत ते चांगलंच रुजलं, मुलांसाठी आवृत्तीही निघाली. त्याला उत्तर मात्र नास्तिकांनी दिलं नाही. मार्क नोल, नेथन हॅच आणि जॉर्ज मार्सडन या तिघा इव्हँजेलिकल इतिहासकारांनीच १९८३ मध्ये पुस्तक लिहून या मांडणीची तपासणी केली. ते पुस्तक मुलांचं नाही, पण आईने वाचायला हरकत नाही.

मुलांसाठी मी सॅम्युअल सीवॉल सुचवेन. १६९२ मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत जे न्यायाधीश होते, त्यांतला हा एक. एकोणीस जणांना फाशी झाली. पाच वर्षांनी, जानेवारी १६९७ मध्ये, उपासाच्या दिवशी बॉस्टनच्या चर्चमध्ये सीवॉलने पाळकाच्या हाती एक चिठ्ठी दिली. पाळक ती वाचत असताना हा न्यायाधीश सगळ्या मंडळीसमोर आपल्या जागी उभा राहिला. चिठ्ठीत त्याने दोष आपल्या माथी घेतला होता. आठ वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. मोठा माणूस चारचौघांत उभा राहून चुकलो म्हणतो, हे मुलाला चांगलंच कळतं.

याच सीवॉलने १७०० साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पत्रक छापलं. त्याचं नाव काय असावं? 'द सेलिंग ऑफ जोसेफ'. पुन्हा तोच योसेफ! पण इथे विकला जाणारा आफ्रिकी माणूस आहे आणि भावाच्या जागी बॉस्टनचे आपले ख्रिस्ती व्यापारी. स्क्वांटोच्या पुस्तकात जी गोष्ट वसाहतीची पाठ थोपटते, तीच सीवॉलच्या हाती तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. मुलाला दोन्ही ऐकवा आणि दोन्ही परत सांगू द्या. सीवॉललाही देव्हाऱ्यात बसवू नका म्हणजे झालं. काळे आणि गोरे एका समाजात मिसळून राहतील, हे त्यालाही मान्य नव्हतंच.

दुसरं नाव सॅम्युअल वूस्टर, आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले, त्याच बोर्डाचा हा माणूस जॉर्जियात चेरोकी या मूळ रहिवाशांत राहत होता. राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढल्याशिवाय तिथे राहायचं नाही, असा कायदा झाला. वूस्टर आणि एलायझर बटलर यांनी परवाना नाकारला. १८३१ मध्येच दोघांना चार वर्षं सक्तमजुरी झाली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण जॉर्जियाने तो जुमानला नाही. सुटका व्हायला १८३३ उजाडलं. चेरोकींना मात्र १८३८ मध्ये हुसकावलंच. त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसं मेली असा अंदाज सांगतात. बोर्डाचाच डॅनियल बट्रिक त्यांच्याबरोबर गेला आणि त्याने रोजनिशी लिहून ठेवली.

याच मिशनच्या मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. अमेरिकेतल्या मराठी घरांत, मग ती ख्रिस्ती असोत की नसोत, भिंतीवरच्या पट्टीवर हे साल, अमेरिकेत गुलामगिरी संपली त्या १८६५ च्या पुढे, सहज लिहिता येईल.

राहिला वयाचा प्रश्न. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्क्वांटोचं पळवून नेणं सांगावं, मालागाच्या बाजाराचं वर्णन नको. १६२१ च्या सुगीला तिथल्या वांपनोआग जमातीचे नव्वदेक पुरुष आले, तीन दिवस जेवणं झाली, त्यांनी पाच हरणं आणली, हे एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. ते वाचून चित्र काढावं. ज्याने ते लोक आणले त्या मॅसासॉइट सरदाराच्या मुलाशी वसाहतींचं १६७५ मध्ये युद्ध झालं, हे नऊ-दहाव्या वर्षी यावं. पण यावं. आठवीपर्यंत वाट पाहत बसलं, तर मुलाला ते बाहेरून, रागावलेल्या माणसाकडून कळतं, आणि मग आईची सगळीच पुस्तकं त्याला खोटी वाटू लागतात.

पुढच्या आठवड्यात यादवी युद्ध. दक्षिणेतल्या पाळकांनी गुलामगिरीला बायबलमधून आधार कसा शोधला आणि ते दहा वर्षांच्या मुलापुढे कसं मांडायचं, ते पाहू.