पित्त नव्हे, रक्तदाब!

"पहिलटकरणीच्या अंगावर सूज यायचीच!" हे वाक्य आपल्याकडे किती घरांत ऐकायला मिळतं! गेल्या वर्षी आमच्याही घरी ते ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मीही मान डोलावली.

वन्सं पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आल्या होत्या. आठवा सरत आला होता. डोहाळजेवणात भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतू लागल्या, अंगठी बोटातून निघेना, सकाळी उठल्या की तोंड सुजलेलं. सासूबाईंनी जेवणातलं मीठ बंद केलं. मग डोकं ठणकू लागलं. मी बाम चोळून दिला. रात्री बरगडीखाली कळ आली; पित्त असेल म्हणून कोकमाचं सरबत केलं, तेही मीच. बी. ए. झालेली, अर्धा दिवस का होईना शाळेत शिकवणारी मी, पण माझं शहाणपण एवढंच! पहाटे त्या म्हणाल्या, "वहिनी, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत हो. तुमचा चेहराही नीट दिसत नाहीये." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. शाळेला रजेची चिठ्ठी धाडली आणि रिक्षा बोलावली.

रक्तदाब १७०/११०! लघवीत प्रथिनं. गरोदरपणात १४०/९० झाला तरी सावध व्हायचं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी मला तिथेच सांगितलं. या दुखण्याचं नाव प्री-एक्लॅम्प्सिया. पाचव्या महिन्यानंतर ते डोकं वर काढतं. मूळ असतं वारेत. तिथल्या रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत आणि त्याचा त्रास आईच्या मूत्रपिंडाला, यकृताला, मेंदूला होतो. मी पित्ताची समजत होते ती कळ यकृताची होती! याच्या पुढची पायरी म्हणजे आकडी, एक्लॅम्प्सिया. मीठ तोडून यातलं काहीही टळत नाही, हे ऐकून सासूबाई गप्पच झाल्या.

जिल्ह्याच्या गावी पाठवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी तिथेच मॅग्नेशियम सल्फेट दिलं. शिरेतून सावकाश ४ ग्रॅम आणि कमरेखाली दोन्ही बाजूंना ५-५ ग्रॅम. ती इंजेक्शनं भारी दुखतात आणि अंगाची आग होते. वन्सं अक्षरशः कळवळल्या. मला वाटलं, हे रक्तदाबाचं औषध. पण नाही! ते आकडीसाठी. रक्तदाब उतरवायला लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन वेगळं द्यावं लागतं.

हे औषध जुनं आणि स्वस्त, पण त्याचं श्रेष्ठत्व ठरायला वेळ लागला. १९६१ साली मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी आकडीवर तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण सुचवलं, आणि आपल्याकडे पुष्कळ वर्षं ते चाललं. १९९५ साली भारतासह अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून औषधांची तुलना केली, तेव्हा आकडी पुन्हा येऊ न देण्यात मॅग्नेशियमच सरस ठरलं. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांवरच्या अभ्यासात दिसलं, की ते वेळेवर दिलं तर आकडीचा धोका निम्म्यावर येतो. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी तर २००३ साली कमी मात्रेचा अनुभव प्रसिद्ध केला. आपल्या बायकांची अंगकाठी लहान, मग पाश्चात्त्य मात्रा कशाला, हा त्यांचा विचार.

रुग्णालयात एक नर्स सारखी येऊन वन्संच्या गुडघ्यावर छोटा हातोडा मारायची, श्वास मोजायची, लघवीचं माप लिहायची. मला तो पोरखेळ वाटला. विचारलं तर म्हणाली, "औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी बंद होते, मग श्वास मंदावतो. तोवर थांबायचं नसतं, ताई." उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी उशाशीच ठेवलेली होती.

खरा इलाज एकच, बाळ आणि वार बाहेर येणं. दिवस पुरते भरले नव्हते, पण थांबणं धोक्याचं होतं. सीझर झालं. मुलगी, वजन १ किलो ८०० ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली, आता घरभर रांगते.

आपण समजतो, बाळंतपण झालं की सुटलो. तसं नाही! मॅग्नेशियम त्यानंतरही २४ तास चालू होतं, कारण आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते. घरी आल्यावर रक्तदाब रोज मोजायला सांगितला होता. पुढच्या खेपेला सुरुवातीलाच डॉक्टरांना हे सगळं सांगायचं. अशा बाईला तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. अर्थात ती आपल्या मनाने घ्यायची नाही.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी वन्संचं डोकं पुन्हा दुखू लागलं. मी बामच्या बाटलीकडे वळले, तोच सासूबाई शेगडीपाशून उठल्या आणि म्हणाल्या, "ठेव ती बाटली. आधी ते यंत्र आण, आणि रिक्षावाल्याला थांबवून ठेव."