वाचन-संकल्पाचा प्रगतिपट

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, आपल्या शाळांतून वाचन प्रेरणा दिन पाळला जातो. २०१५ पासून ही प्रथा चालू आहे. त्या दिवशी मुले हौसेने पुस्तके हाती घेतात आणि वर्षभरात अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा संकल्पही सोडतात. दिवाळीची सुटी संपून शाळा भरते तेव्हा त्या संकल्पाची आठवण किती जणांस असते, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारून पाहावे. मुलांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु वखरणी करणारा धुऱ्यावर उभा राहिला की किती वावर झाले व किती राहिले हे त्याला दिसते. वाचणाऱ्या मुलास असा धुरा आपण दिलेला नसतो. तो कसा द्यावा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

प्रगतिपटास तीन गोष्टी लागतात : एकूण किती वाचावयाचे, आजवर किती वाचून झाले, आणि मुदतीपैकी किती काळ गेला. पैकी तिसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. 'सात पुस्तके वाचली' ह्या वाक्यावरून काहीच कळत नाही. 'अठ्ठावीसपैकी सात' म्हटल्याने थोडे कळते. 'अठ्ठावीसपैकी सात, चौदा आठवड्यांपैकी पाचव्याच्या अखेरीस' असे म्हटले म्हणजे सर्व उलगडा होतो.

चौदा आठवड्यांचे उदाहरण मुद्दामच घेतले आहे. 'पढे भारत' ही शंभर दिवसांची वाचन-मोहीम १ जानेवारी ते १० एप्रिल २०२२ ह्या काळात देशभर झाली, ती चौदा आठवड्यांतच विभागलेली होती. आठवड्यास दोन ह्या मानाने अठ्ठावीस पुस्तके धरली, तर पाचव्या आठवड्याअखेर दहा व्हावयास हवीत. मुलाची सात झाली असतील, तर उरलेल्या नऊ आठवड्यांत एकवीस राहिली. म्हणजे दर तीन आठवड्यांस सात. हे काही आवाक्याबाहेरचे नव्हे, आणि हा हिशेब चौथीच्या मुलाकडूनच करवून घ्यावा. आपण मागे आहोत हे कळण्यापेक्षा किती चालल्यास गाठता येईल हे कळणे त्याला अधिक उपयोगी पडते. आठवड्यास दोन पुस्तके हे माप जड वाटू नये. दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत अशी २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेची अपेक्षा आहे. त्या गतीने अडीचशे शब्दांची गोष्ट पाच मिनिटांत वाचून होते.

आता पट कसा करावा ते पाहू. जुन्या दिनदर्शिकेची कोरी पाठ पुरते. तीवर पऱ्हाटीचे झाड काढावे, त्यास अठ्ठावीस बोंडे काढावीत, आणि एक पुस्तक झाले की एक बोंड रंगवावे. आपल्या भागातील मुलास हे झाड समजावून सांगावे लागत नाही. बोंडाखाली तारीख मात्र अवश्य घालावी. तारखेवाचून पट म्हणजे नुसती शोभा. स्वतः वाचलेल्यास एक रंग व कोणी वाचून दाखविलेल्यास दुसरा रंग ठेवावा. मेळघाटात ज्यांच्या घरी कोरकू बोलली जाते त्या मुलांस मराठी पुस्तक ही दुसऱ्या भाषेची वाट असते. त्यांचे ऐकलेले पुस्तक गणतीत धरलेच पाहिजे, एरवी पहिले काही आठवडे त्यांचे झाड उघडेच राहील.

येथे माझी एक चूक सांगतो. प्रथम मी हा पट भिंतीवर लावला, तोही प्रत्येक मुलाच्या नावानिशी, एकाखाली एक. पहिल्या दोन आठवड्यांत वर्गाला जणू उधाण आले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने एकाच दिवशी पाच पुस्तके वाचल्याचे सांगितले. मी एकातील गोष्ट विचारली तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. त्याची ओळ सर्वांच्या खाली होती आणि ती रोज सर्वांना दिसत होती. खोटे तो बोलला खरा, पण त्याला तसे बोलावयास लावणारा तो पट मीच टांगला होता. तेव्हापासून प्रत्येकाचे झाड त्याच्या वहीत असते, आणि भिंतीवर असते ते सबंध वर्गाचे. बोंड रंगविण्यापूर्वी मुलाने गोष्टीतील आवडलेली एक गोष्ट तोंडी सांगावी, एवढीच अट ठेवली आहे, प्रश्नपत्रिका नको.

वर्गाच्या पटावर दोन आकडे असावेत. पंचवीस मुलांचा संकल्प सातशे पुस्तकांचा. पाचव्या आठवड्याअखेर २३१ झाली, तर दहा चौकटींपैकी तीन भराव्यात. अपुरी चौकट भरू नये. न झालेले काम झालेले दिसू लागते. परंतु ह्या आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण पाच-सहा हुशार मुले मिळून तो फुगवू शकतात. म्हणून दुसरा आकडा : ह्या आठवड्यात एक तरी पुस्तक वाचलेली मुले पंचवीसपैकी किती? तो एकोणीस असेल तर उरलेली सहा कोण, हे शिक्षकाने आपल्या टिपणवहीत पाहावे. मला विचाराल तर सबंध खटाटोप ह्या दुसऱ्या आकड्यासाठीच आहे.

बहुतेक शाळांत पालकांचा भ्रमणध्वनीवरील गट असतो. दर शनिवारी ह्या दोन आकड्यांचा संदेश तेथे घालण्यास हरकत नाही. मांडणी दर वेळी तीच ठेवावी : आधी आठवड्याचा क्रमांक, मग चौकटी, मग वाचणाऱ्या मुलांची संख्या, म्हणजे मागील संदेशाशी ताडून पाहता येते. एकाही मुलाचे नाव त्यात नसावे. ज्यांच्या घरी असा भ्रमणध्वनी नाही त्यांच्यासाठी तेच आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावेत.

कापूस वेचणीचे दिवस आले की हजेरी रोडावते, आणि मेळघाटातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडून होळीस परततात. अशा मुलांच्या झाडावर गैरहजेरीचे आठवडे 'मागे' म्हणून दाखवू नयेत. ते आठवडे मुदतीतून वजा करून नवा हिशेब मांडावा. जाणाऱ्या मुलाबरोबर दोन पुस्तके व त्याचे झाड काढलेला कागद द्यावा. पुस्तक हरवेल ही भीती खोटी नाही. माझीही काही हरवली आहेत, तरी मी देतो. परत आल्यावर कागद चुरगळलेला असला तरी नवा करू नये. त्यावरच पुढची तारीख घालावी, आणि वर्ष संपताना तोच कागद पुढच्या वर्गाच्या शिक्षकाकडे सोपवावा.