गाजरगवत, नागीण आणि गर्ट्रूड एलियन

बीदर-कलबुर्गीच्या बांधाबांधावर दिसणारं गाजरगवत 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. त्यानं होणाऱ्या त्वचारोगावर डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी 1974 साली लिहिलं. पापण्या, मान आणि कोपरांच्या आतली कातडी वर्षानुवर्षं खाजत, चिघळत राहते. असा जुनाट रुग्ण स्टेरॉइडवरच राहू नये म्हणून त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा अ‍ॅझाथायोप्रिन देतात. कातडी शांत होते, कारण प्रतिकारशक्तीच दाबली जाते.

पण लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून असतो. पहारा ढिला पडला की तो नागीण होऊन उठतो, आणि कपाळावर उठला तर डोळा धोक्यात येतो. 19व्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एक खूण हेरली: नाकाच्या शेंड्याला फोड आले की डोळ्याची काळजी करा. शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. किती साधं, किती नेमकं निरीक्षण!

आपल्याकडची फसगत वेगळीच आहे. गवत बाधलेल्या या रुग्णाची पापणी नेहमीच लाल असते. ‘पुन्हा गवत बाधलं’ म्हणून तो घरातलं स्टेरॉइडचं मलम चोळतो. गवताची बाधा बहुधा दोन्ही डोळ्यांना होते. नागीण मात्र एकाच बाजूला, आधी आग आणि ठणका, मग फोड, कपाळाच्या मध्यरेषेशी थांबलेले.

यावरचा उतारा अ‍ॅसायक्लोव्हिर. आणि इथे मला एलियनबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. पीएचडी न मिळवता बरोज वेलकम कंपनीत 1944 साली रुजू झालेल्या या संशोधिकेनं जॉर्ज हिचिंग्जबरोबर अ‍ॅझाथायोप्रिन घडवलं. अ‍ॅसायक्लोव्हिरही पुढे त्यांच्याच गटातून आलं. युक्ती एकच: डीएनएच्या बांधकामात बनावट वीट सरकवायची. अ‍ॅझाथायोप्रिनची वीट वेगानं वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींना अडवते. अ‍ॅसायक्लोव्हिरची वीट मात्र विषाणूच्या स्वतःच्या विकरानंच कामाला लागते, म्हणून निरोगी पेशी बहुतांशी सुटतात. 1988च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता, तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत ही बाई कुठे आहे?

अ‍ॅसायक्लोव्हिर फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी. गेरूचा लेप लावून नागीण उतरण्याची वाट पाहण्यात नेमके हेच तास जातात. उशीर झाला असला तरी डोळा दाखवायलाच हवा. बीदर, कलबुर्गी, लातूर, सोलापूर, जिथे लवकर पोहोचता येईल तिथे. अ‍ॅझाथायोप्रिनची गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्यासाठी तिचं पाकीट सोबत न्या.