पुढचं विमान कधी? (प्रवासाचा हिशेब : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात रेल्वे आरक्षणाच्या साठ दिवसांबद्दल लिहिलं. ते वाचून कोंढ्यातले आमचे एक शेजारी मोबाईल हातात धरूनच ओसरीवर आले. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सत्तरीची आई, नऊ वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा व्हायला आलेला मुलगा. दिवाळीच्या सुटीत गोव्याला जायचं ठरतंय. मोबाईलवर नागपूर ते गोवा विमानाचं भाडं दिसत होतं, माणशी ४,२०० रुपये. "एसी रेल्वेत अन् याच्यात लय फरक नाही जी. मंग काहून नाही जायचं?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या पवनी तालुक्यातल्या किती घरांत तो यंदा विचारला जात असेल. उत्तर शोधायचं तर आधी हे भाडं इतकं उतरतं कसं, ते बघावं लागतं.

आपल्याकडे स्वस्त विमानाची सुरुवात कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली केली. युक्ती साधी होती. फुकटचं जेवण काढून टाकायचं आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं ठेवायचं. विमान उभं असलं तरी त्याचा हप्ता चालूच असतो, म्हणून ते सकाळपासून रात्रीपर्यंत या शहरातून त्या शहरात फिरत राहतं आणि मध्ये अर्धाएक तासच थांबतं. आपल्या एसटीचंही तसंच आहे. भंडाऱ्याहून गाडीच उशिरा सुटली तर पवनीच्या फाट्यावरचा माणूस काय करणार? दिल्लीच्या सकाळच्या धुक्यात अडकलेलं विमान नागपूरला संध्याकाळी उशिरा येतं ते यामुळेच. भाडं ज्या काटकसरीने उतरतं, त्याच काटकसरीने वेळापत्रकातली सैल जागाही संपते.

अमेरिकेत याच्याही पुढे गेलेली अलिजियंट नावाची कंपनी आहे. ती लहान गावांतली माणसं लास वेगास आणि फ्लोरिडासारख्या सहलीच्या ठिकाणी नेते, पण अनेक मार्गांवर आठवड्यातून दोनच दिवस. भाडं खरोखर कमी असतं. मात्र गुरुवारचं विमान रद्द झालं तर पुढचं रविवारी, अशी पाळी येऊ शकते. आपल्याकडे केवळ सहलीसाठी उडणारी अशी मोठी कंपनी नाही, तरी एकेरी धाग्यावर लोंबणारे मार्ग आहेत. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगची इंदूर आणि हैदराबादची सेवा सुरू झाली, तेव्हा भंडारा आणि गोंदिया या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना केवढा आनंद झाला होता. काही महिन्यांतच ती बंद पडली. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोने हैदराबाद आणि तिरुपतीसाठी तिथून सेवा सुरू केली. अशा सेवा टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं, कारण विमानतळ हा फक्त मोठ्या शहरांचा हक्क नाही. पण कुटुंब घेऊन निघणाऱ्याने भाड्याच्या आधी एक गोष्ट विचारावी: हे विमान उडालं नाही, तर पुढचं कधी? त्याच दिवशी दुसरं असेल तर थोडं जास्त भाडं देणंही परवडतं. दोन दिवसांनी असेल, तर त्या दोन दिवसांचा पाच माणसांचा मुक्काम आणि जेवण मनातल्या मनात भाड्यात मिळवून बघावं.

आता ४,२०० चा आकडा उलगडू. पुढचे आकडे अंदाजाने धरलेत, आपापल्या भावाने बदलून घ्यावेत. चार तिकिटांचे १६,८००. मांडीवरच्या मुलाला आसन नसतं, पण शुल्क असतं. त्याचे १,५०० धरा. आई खिडकीशी आणि सून तिच्या शेजारी हवी, म्हणजे आसनं निवडायचे १,२००. कोंढ्याहून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत गाडीचे ३,०००, कारण पहाटेच्या विमानाला एसटी गाठून देत नाही. गोव्यात टॅक्सीचे २,०००. एकूण २४,५०० झाले, तेही फक्त जायचे. गोव्यात विमानतळ दोन आहेत: दक्षिणेला दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला उत्तरेकडचा मोपा. तिकिटावर नुसतं गोवा वाचून मोपाला उतरलात आणि खोली कोलव्याला घेतली असेल, तर टॅक्सीचे दोन हजार पुरायचे नाहीत.

सामानाचंही बघावं. देशातल्या साध्या तिकिटावर माणशी पंधरा किलोची बॅग आणि हातात सात किलो, असा सर्वसाधारण नियम आहे. पण काही सगळ्यात स्वस्त तिकिटांत मोठी बॅग धरलेलीच नसते. एअर इंडिया एक्सप्रेसने असं तिकीट २०२४ मध्ये आणलं. पाठीवर एकच पिशवी घेऊन फिरणाऱ्या तरुणाला ते फायद्याचं आहे. लहान मूल बरोबर असलेल्या घराला नाही.

पाच माणसांचं तिकीट काढताना आणखी एक गोष्ट घडते. कंपनीने आसनांचे भावानुसार गट केलेले असतात. स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चारही जागांना वरच्या गटाचा भाव लागतो. म्हणून आधी एका माणसाचं भाडं बघावं, मग चौघांचं. फरक दिसला तर तिकिटं दोन भागांत काढता येतात, पण मुलांना एकटं एका तिकिटावर टाकू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाशेजारी आसन द्यावं. पीएनआर वेगळा झाला की हा आधार गेला. म्हणून मुलगी बाबांच्या तिकिटावर आणि बाळ आईच्या, अशी वाटणी करावी.

तिकिटावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवावं. आपल्याकडे सासूबाईंच्या आधारवर एक नाव आणि घरात दुसरंच, असं किती ठिकाणी असतं. नंतर दुरुस्तीला पैसे लागतात, कधी ती होतही नाही. आणि आजीच्या पानाच्या डब्यातला सरोता आठवणीने मोठ्या बॅगेत टाकावा. हातातल्या पिशवीत राहिला तर तपासणीत काढून घेतात, आणि तो बहुधा त्यांच्या सासूच्या हातचा असतो.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते मोबाईल नंबराबद्दल. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिकीट एका दुकानातून काढलं. भरणाऱ्याने स्वतःचा नंबर टाकला. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्या मोबाईलवर गेला, आणि आम्ही रात्री अडीचला निघून विमानतळाच्या दारात उभे राहिलो. नियम आपल्या बाजूचे आहेत, ते माहीत हवेत. चोवीस तास आधी न कळवता विमान रद्द केलं, तर पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान द्यावं लागतं, आणि वर भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० पर्यंत. मूळ भाडं आणि इंधन शुल्क याहून कमी असेल तर तेवढीच. नागपूर देशाच्या मध्यावर. त्यामुळे आपली बहुतेक थेट उड्डाणं दोन तासांच्या आसपासची, म्हणजे वरच्या दोन दरांतली. धुकं, वादळ अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला ही भरपाई नाही. आणि संपर्काची पुरेशी माहिती न दिलेल्या प्रवाशालाही नाही. दुकानदाराचा नंबर पडला की हातातला हक्क असा निसटतो. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर पैसे परत घेण्याचा किंवा दुसरं विमान मागण्याचा पर्याय तुमचा आहे. परतावा न मिळणारं तिकीट रद्द केलं तरी विमानतळ शुल्कासारखी रक्कम परत मिळते. ती मागायची.

हक्क असले तरी माणसं अडकतात. मे २०२३ मध्ये, ऐन उन्हाळी सुटीत, गो फर्स्टची विमानं थांबली ती कायमची. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम इंडिगोला पेलले नाहीत. हजारो उड्डाणं रद्द झाली, दुसऱ्या कंपन्यांची भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. अशा वेळी कुठे अडकलो, यावर खर्च ठरतो. नागपुरात अडकलं तर अडीच तासांत कोंढा. पैसे परत घ्यायचे आणि घरी यायचं. गोव्यात अडकलं तर पाच माणसांची खोली, सुटीच्या दराने.

म्हणून शेजाऱ्यांना मी जायचं विमान घ्यायला सांगितलं, यायचं नाही. बाळाचा दुसरा वाढदिवस सहलीच्या तिसऱ्या दिवशी येतो. जाताना तो मांडीवर चालेल, येताना विमानात त्याला पूर्ण आसन घ्यावं लागेल. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीटच नाही. शिवाय दिवाळीनंतर धान कापणीला येतं, तेव्हा परतीचा दिवस हुकून चालत नाही. मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या, सकाळी मुंबई, दिवसभर शहर बघून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस, दुसऱ्या सकाळी भंडारा रोड. प्रवास लांबचा आहे, दोन रात्री गाडीत. पण एक गाडी चुकली तरी दुसरी त्याच दिवशी निघते.

ते गप्प बसले. मग आत जाऊन आईला विचारून आले. मुंबईचा तो एक दिवस ऐकल्यावर आई म्हणाली म्हणे, "समुद्र दोनदा पाहायला भेटते ना, मंग तसंच करा." काल संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर बसून जायची तिकिटं काढली. दोन पीएनआर, मुलं वाटून. नंबराच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर टाकला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

पुढच्या आठवड्यात: प्रवास विमा कशाला लागतो, कशाला नाही.